विमानाची एकशे आठ दर्शनं

चहा कधीचा गार झाला होता आणि वेणीमाधवराव फोनवर स्वतःच काढलेला फोटो पुन्हा एकदा उघडून बसले होते.

"अहो, कपावर साय धरली," मालतीबाई म्हणाल्या.

"अकरा झाले."

"इतक्यात? आत्ता तर दूध आलं."

"घड्याळात नाही गं. फोटोखाली. आकडा अकरा झालाय." वेणीमाधवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि त्यातले नऊ माझेच."

शुक्रवार पेठेत वेणीमाधवरावांना सगळे ओळखत, पण ओळखत म्हणजे काय, तर कीर्तनात मागच्या रांगेत खांबाला टेकून टाळ वाजवणारे ते. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्यभर इतरांना पुस्तकं काढून दिली. कुणी कधी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांनीही त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र एक गोष्ट स्वतःसाठी केली. कॅमेरा घेतला आणि होटगी रोडला बसप्पाच्या गच्चीवर जाऊन विमानांचे फोटो काढायला लागले. बसप्पा मूळचा मैंदर्गीचा, ग्रंथालयात शिपाई होता, आता विमानतळाच्या कुंपणापलीकडे घर बांधून राहत होता. "या री साहेब," तो म्हणायचा, "इमान यायला वेळ हाय, तवर भुईमुगाच्या शेंगा खावा."

फोटो काढून ते एका परदेशी साइटवर पाठवायचे. तिथे जगभरचे विमानवेडे आपापले फोटो पाठवतात, पण पाठवला आणि लागला असं नसतं. आधी तपासनीस तो तपासतात. वेणीमाधवराव त्याला पास-नापास म्हणत. क्षितिज केसभर कललं, नापास. आकाशात धुळीचा ठिपका, नापास. एकदा तर शेरा आला होता की हवा थरथरताना दिसते आहे. "सोलापूरची दुपार आहे बाबा," ते त्या शेऱ्याला म्हणाले होते, "इथे डांबर थरथरतं, हवेचं काय घेऊन बसलास." तीन वर्षांत सात फोटो पास झाले. ते सात त्यांचं खरं घर होतं. तिथे प्रत्येक फोटोखाली त्यांचं नाव होतं आणि नावापुढे सोलापूर.

आठवा परवाच पास झाला होता. गोव्याहून येणारं पंख्याचं विमान, चाकं टेकायला जरासं अंतर उरलेलं, खाली कापणीला आलेली ज्वारी. आजवरचा सगळ्यात चांगला. आणि त्याच्याखाली अकरा.

"पण हा आकडा वाढतो कशानं?" मालतीबाईंनी चहा परत गॅसवर ठेवत विचारलं.

वेणीमाधवरावांचा यावर अभ्यास होता. मोठं विमान असलं की लोक बघतात. विमानावर चित्रबित्र रंगवलेलं असलं की बघतात. बर्फ, मावळतीचा सूर्य, समुद्रकाठी लोकांच्या डोक्यावरून जाणारं विमान, खिडकीतून हात हलवणारा वैमानिक. काही मोडलं, जळलं, घसरलं तर विचारूच नका. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिलं पान. दिवसभरात जे फोटो जास्त बघितले जातात त्यांची एक पट्टी पहिल्या पानावर लागते. पट्टीत गेलात की जो येतो तो तुम्हालाच बघतो, आणि बघतो म्हणून तुम्ही पट्टीत राहता.

"कीर्तनासारखंच की," मालतीबाई म्हणाल्या. "मंडपाबाहेर चपला दिसल्या की जाणारा आत डोकावतो."

"अगदी तसंच. फक्त आपल्या मंडपाबाहेर माझ्याच चपला नऊ वेळा काढलेल्या."

"आणि त्या आकड्याला म्हणायचं काय?"

"व्ह्यूज. म्हणजे…" त्यांनी शब्द शोधला. ग्रंथालयातला माणूस, शब्द चुकीचा द्यायचा नाही अशी सवय. "दर्शन म्हण. किती वेळा दर्शन झालं, ते."

मालतीबाई थबकल्या. समोर अकराच माणसं बसलेली पाहून बुवांनी वीणा गळ्यात घालावी, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "अकराच दर्शनं," त्या हळू म्हणाल्या. "तो फोटो माझ्या फोनवर पाठवा बरं. मंडळात दाखवते."

वेणीमाधवरावांनी साइटवरची लिंक पाठवली आणि विसरून गेले.

मालतीबाईंचं महिला भजनी मंडळ गुरुवारी दुपारी राममंदिरात जमायचं. त्या गुरुवारी त्या घरी आल्या त्या फोनवर बोट ठेवूनच. शुक्रवारी सकाळी वेणीमाधवराव दूध आणायला निघाले, तर शेजारच्या केराबाई पायरीवर बसलेल्या. केराबाई करमाळ्याकडच्या, लेक इथे नोकरीला लागला म्हणून शेत वाट्याने देऊन आलेल्या. एका हातात गोमुखी, आत जपमाळ, दुसऱ्या हातात सुनेचा फोन.

"काय केराबाई, फोनवर आरती का?"

"आरती न्हाय दादा, दर्शन चाललंय," केराबाई मान वर न करता म्हणाल्या.

"चालू द्या, चालू द्या." आजकाल सगळ्या देवस्थानांचं थेट दर्शन फोनवर मिळतं, वेणीमाधवरावांना बरंच वाटलं.

दूध घेऊन आले आणि सवयीने फोटो उघडला. आकडा दोन हजारांवर गेला होता. त्यांनी चष्मा पुसला, फोन बंद करून चालू केला. आणखी वाढला होता.

"मालती," ते आत येऊन खुर्चीत बसले. "लोक बघतायत."

"बघणारच," मालतीबाई म्हणाल्या. "एवढा चांगला फोटो." आणि भाकरी थापायला वळल्या. तवा केव्हाचा तापून धूर सोडत होता, कारण बाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, आणि वेणीमाधवरावांचं बाईंकडे नव्हतं.

शनिवारी फोटो पहिल्या पानाच्या पट्टीत गेला. एका बाजूला बर्फातलं अवाढव्य विमान, दुसऱ्या बाजूला समुद्रावरचं, आणि मधे सोलापूरची ज्वारी. मग परदेशातून अभिप्राय यायला लागले. ब्राझीलच्या एका गृहस्थाने लिहिलं की वातावरण अप्रतिम आहे. वेणीमाधवरावांनी त्याला नम्रपणे कळवलं की सध्या जरा उकडतं, पण पहाट बरी असते. कॅनडाच्या एका बाईंनी विचारलं की खाली जे पिवळं दिसतं ते कसलं पीक. त्यांना ज्वारी, तिची कडक भाकरी आणि शेंगाचटणी असं सविस्तर उत्तर गेलं.

बसप्पाचा फोन आला. "साहेब री, माझ्या बहिणीनं मैंदर्गीहून फोन केलता. तिकडंबी तुमचं इमान चालू हाय म्हनं. देवळात बायका बसल्यात."

"विमान बघायला?"

"हो री. कन्नडमधी मोजत्यात."

काय मोजतात हे विचारायला हवं होतं. पण पट्टीत गेलेला माणूस प्रश्न विचारत नाही. वेणीमाधवरावांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला आणि भाजी आणायलाही तोच घालून गेले. कोपऱ्यावरच्या वाण्यापाशी थांबून, कुणी विचारलं नसताना, फोटोचा गाभा कशात असतो यावर थोडं बोलले. गर्दी मागून येते, आधी दृष्टी असावी लागते, असं म्हणाले. वाणी बिचारा साबुदाणा तोलता तोलता हो म्हणाला. वाटेत केराबाई भेटल्या, त्यांनी हळहळून सांगितलं, "दादा, आज निम्मंच झालं. ब्याटरीच गेली." वेणीमाधवरावांनी त्यांना धीर दिला की देव भाव बघतो, आकडा बघत नाही, आणि घरी येऊन आधी आकडा बघितला.

रविवारी राममंदिरात कुंडलिकबुवांचं कीर्तन होतं. बुवा करमाळ्याचे, आवाज असा की पहिल्या नमनालाच मंदिरावरची कबुतरं उडावीत. मालतीबाईंनी आधी त्यांच्या कानावर घातलं असणार, कारण पूर्वरंगात निरूपण 'पाहणं' या शब्दावर आलं आणि बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

"मंडळी, दिसणं वेगळं, पाहणं वेगळं. आपण रोज विमान जाताना बघतो आणि म्हणतो, गेलं. पण आपल्याच पेठेत एक माणूस आहे. वर्षानुवर्षं मागे खांबाला टेकून टाळ धरतो. त्याने ते पाहिलं, आणि आज त्याचं पाहणं ब्राझील देशात पाहतायत. हजारोंनी पाहतायत. उठा, वेणीमाधवराव, पुढे या."

ते पुढे गेले. बुवांनी कपाळाला बुक्का लावला, स्वतःच्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला. माणसं मान उंचावून बघत होती. कीर्तन हेच ज्याचं आजोळ, त्याला याहून मोठं काय हवं? उत्तररंग त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकला. म्हणजे बसले, ऐकलं किती ते देव जाणे.

सोमवारी सकाळी साइटचं पत्र आलं.

पत्र आर्विद नावाच्या तपासनिसाचं होतं, तो नॉर्वेचा. वेणीमाधवरावांनी इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचलं. त्याचा मथितार्थ असा : तुमच्या फोटोचे बहुतांश व्ह्यूज एकाच जिल्ह्यातून आले आहेत. ते यंत्राने वाढवलेले दिसतात. आमच्या नियमाप्रमाणे असं करणाऱ्याचं खातं बंद होतं आणि सगळे फोटो काढून टाकले जातात. तरीही आम्ही विचारतो आहोत, कारण आम्हाला एक गोष्ट कळलेली नाही. फोटो उघडणारे रोबो आम्ही पुष्कळ पाहिले. कुणी हजार वेळा उघडतो, कुणी दहा हजार. तुमचा रोबो प्रत्येक फोनवरून बरोबर एकशे आठ वेळा उघडतो आणि थांबतो. मग एक अधिक उघडतो, बहुधा खात्रीसाठी. हा कोणता प्रोग्राम आहे? दोन दिवसांत खुलासा यावा.

वेणीमाधवरावांनी शब्दकोश मिटला. एकशे आठ. मग एक मेरुमणी. त्यांनी मान वळवली. माजघरात मालतीबाई देवापुढे बसल्या होत्या, उजव्या हातात माळ, डाव्या हातात फोन. एक मणी ओढायच्या, फोनवर बोट टेकवायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा मणी.

"मालती, काय करतेस तू?"

त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. माळ पुरी झाली, कपाळाला लावली, मग म्हणाल्या, "तुमचं विमान."

मग सगळं बाहेर आलं. गुरुवारी भजन झाल्यावर त्यांनी मंडळात फोटो दाखवला आणि म्हणाल्या, ह्यांच्या फोटोला दर्शनं कमी पडतायत. केराबाई म्हणाल्या, दर्शनच व्हय, मग एकदा घिऊन कसं भागंल. तिथेच संकल्प सुटला, प्रत्येकीने रोज एक माळ. करमाळ्याचं मंडळ केराबाईंच्या भावजयीने जोडलं आणि मैंदर्गीचं बसप्पाच्या बहिणीने.

"अगं, ती लबाडी झाली," वेणीमाधवराव म्हणाले. "खातं बंद करतायत. आठही फोटो जातील."

"लबाडी?" मालतीबाईंचा आवाज चढला नाही, पण बारीक झाला. "तुमच्या फोटोसाठी बायकांनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर फोन धरला. एकीचंही नाव त्याच्याखाली नाही. ह्यात लबाडी कुणाची?"

"तसं नव्हे. बघणारा खरा हवा."

"मग आम्ही काय डोळे मिटून उघडत होतो?"

तेवढ्यात दारात केराबाई उभ्या. भांडण ऐकू गेलं असावं. "दादा, चुकलं असंल तर माझं चुकलं, वैनीस्नी बोलू नगा. पर एक सांगते. तुमी म्हंता खरं बघाया पायजे. एकदा बघून काय दिसतंय व्हय? पयल्यांदा नुसतं इमान दिसलं. धा-ईस मणी झाल्यावर चाकं दिसाया लागली. मग ज्वारी. माझ्या वावरातली अशीच हुती, वाऱ्यानं एका अंगाला कललेली. आन् माळ सराया आली तवा खाली सावली दिसली. इमान खाली येतंय, सावली वर येतीय. दोगं एकमेकास्नी भेटाया आल्यावानी. ती तुमी मुद्दाम घेतली का?"

वेणीमाधवरावांनी फोटो उघडला. ज्वारीच्या कडेला, डांबराच्या पट्टीवर सावली होती. विमानापासून बोटभर अंतरावर. त्यांनी ती घेतली नव्हती. ती आपसूक आली होती, आणि फोटो पास झाल्यापासून इतक्या वेळा उघडूनही त्यांनी ती बघितली नव्हती. ते नेहमी खालचा आकडाच बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "मला आत्ता दिसली."

दुपारी ते कुंडलिकबुवांकडे गेले. बुवा धर्मशाळेत उतरले होते, गळा जपायचा म्हणून मध-आलं चाटत होते आणि लगेच वर शेंगाचटणी खात होते. वेणीमाधवरावांनी सगळं सांगितलं. बुवा हसतील असं वाटलं होतं. बुवांनी ताटली बाजूला सारली.

"आमच्याकडे काय वेगळं चालतं वेणीमाधवराव? गावात मोठा पाहुणा यायचा असला की शाळेची पोरं आणून मंडपात बसवतात. वीस मिनिटांत निम्मी पेंगतात. मी पुढच्या गावी जाऊन सांगतो, अमुक ठिकाणी पाच हजार श्रोते होते."

"मग ती लबाडी की नाही?"

"बसणाऱ्यांची नाही. पेंगता पेंगता एखाद्याच्या कानात एखादं अक्षर जातंच." बुवांनी चटणीची बोटं पुसली. "आकडा मिरवणाऱ्याची असेल. म्हणजे माझी. आणि तुमच्याकडे इस्त्रीचा सदरा कुणाचा दिसतोय, ते तुम्ही बघा."

वेणीमाधवरावांनी सदऱ्याकडे पाहिलं.

"लिहून टाका त्या साहेबाला," बुवा म्हणाले. "झालं तसं लिहा. खातं जायचं तर जाईल. मी ब्राझील काढून बसलोय भर कीर्तनात, ते माझं मी निस्तरतो."

बोलणं सोपं होतं. घरी येऊन वेणीमाधवराव ते आठ फोटो एकेक करून बघत बसले. हे गेले की आपलं नाव कुठेच असणार नव्हतं. दुसरा मार्ग होता; लिहायचं की मला काहीच माहीत नाही, कुणी खोडी केली असेल. ते बहुधा खपलं असतं. पण तसं लिहायला घेतलं आणि 'कुणी' या शब्दापाशी हात अडला. कुणी म्हणजे केराबाई. सावली बघणारी एकच बाई, आणि तिलाच खोडकर म्हणायचं.

शेवटी त्यांनी शब्दकोशाच्या आधाराने लिहिलं :

"महोदय, आमच्याकडे प्रोग्राम नाही. आमच्याकडे केराबाई आहेत. त्या आणि इतर भगिनींनी हा फोटो माळेवर मोजून पाहिला, कारण मी माझ्या पत्नीला व्ह्यूज या शब्दाचा अर्थ दर्शन असा सांगितला. आमच्याकडे दर्शन एकदा घेऊन पुरत नाही. एकशे आठ मणी असतात, आणि नंतरचा एक मोठा मणी असतो. तुम्हाला जो अधिक एक दिसला तो तोच. चूक शब्द देणाऱ्याची, म्हणजे माझी आहे. आकडा वाढल्यावर मी सगळीकडे मिरवलो, ही दुसरी. कृपया व्ह्यूज काढून टाका. फोटोही काढायचे असतील तर माझी तक्रार नाही, पण काढण्याआधी या फोटोतली विमानाची सावली एकदा पाहा. ती केराबाईंना दिसली."

दोन दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही. मालतीबाईंनीही विचारलं नाही. फक्त चहा वेळेवर आणि गरम येत होता, म्हणजे राग गेला होता. बुधवारी उत्तर आलं. आर्विदने लिहिलं होतं की खातं राहील. माळेचे व्ह्यूज नियमाप्रमाणे काढावे लागले; उरले ते तीनशे चौदा. फोटो पट्टीतून गेला. सावली त्याने पाहिली. तपासताना त्यालाही दिसली नव्हती.

आणि खाली एक ओळ सोडून लिहिलं होतं : "हे आता साइटच्या वतीने नाही. मी नऊ वर्षांपूर्वी माझ्या गावातला एक फोटो लावला होता. त्याला आजवर सतरा व्ह्यूज आहेत, त्यातले बरेच माझे असावेत. तुमच्या भगिनींना वेळ असेल तर त्यांनी तो पाहावा. माळेवर नको, मलाच कारवाई करावी लागेल. प्रत्येकीने एकदाच. पण त्या बघतात तसा."

गुरुवारी भजन संपल्यावर वेणीमाधवराव मुलाचा जुना लॅपटॉप घेऊन राममंदिरात गेले. आधी वाईट बातमी सांगितली, की दर्शनं रद्द झाली.

"रद्द?" केराबाई म्हणाल्या. "घेतलेलं दर्शन कसं रद्द करत्याल? घेतलं ते घेतलं की."

"त्यांच्याकडे रद्द झालं. आपल्याकडे आहेच," मालतीबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथे मिटला.

मग त्यांनी आर्विदचा फोटो उघडला. सगळीकडे बर्फ, मधे दोन माणसं मावतील एवढंसं लाल विमान, वर राखाडी आभाळ. वेणीमाधवरावांना मनातून कळलं की सतरा का. विमान मामुली, गाव अनोळखी, ऊन नाही. लॅपटॉप मांडीवरून मांडीवर फिरला. कुणाला बर्फ पिंजलेल्या कापसासारखा वाटला, कुणी एवढ्या थंडीत ते चालू कसं होतं असं विचारलं. प्रत्येकीने नेमका एकदा, पण बराच वेळ बघितला. शेवटी तो केराबाईंकडे आला. त्यांनी डोळे बारीक केले.

"ही बाई कोन?"

"कुठे बाई?"

"ही न्हवं का. शेपटामागं."

खरंच होती. विमानाच्या शेपटाआड, अर्धी झाकलेली, गळ्याभोवती मफलर, हात खिशात. वेणीमाधवरावांनी तिथल्या तिथे लिहून विचारलं. आर्विद जणू समोरच बसला होता. प्रसाद वाटून होतो न होतो तोच उत्तर आलं.

"म्हणतो, ती त्याची आई," वेणीमाधवरावांनी वाचून दाखवलं. "विमान त्याच्या वडिलांचं होतं. आता दोघंही नाहीत. म्हणतो, नऊ वर्षांत तिच्याबद्दल पहिल्यांदा कुणी विचारलं."

दोघीतिघींनी पडद्याकडे बघून हात जोडले. केराबाई मात्र समाधानी दिसेनात.

"त्येला म्हणावं, आई हुती तर म्होरं उभी करायची की. शेपटामागं कशापायी ठिवली?"

वेणीमाधवरावांना कारण ठाऊक होतं. विमानापुढे माणूस आलं की तो अडथळा, आणि अडथळा म्हणजे नापास. हा त्या साइटचा अगदी प्राथमिक नियम होता. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, मग राहू दिलं आणि केराबाईंचा प्रश्न होता तसाच लिहून पाठवला.

या वेळी उत्तराला उशीर लागला. बायका चपला शोधायला लागल्या होत्या.

"काय म्हंतो?" केराबाईंनी विचारलं.

"म्हणतो, पुढे उभी केली असती, तर त्याला स्वतःचाच फोटो नापास करावा लागला असता."

"लई कडक मास्तर हाय," केराबाई म्हणाल्या. लॅपटॉप त्यांनी पुन्हा मांडीवर ओढला आणि मालतीबाईंना विचारलं, "वैनी, हितलं मोटं कसं करत्यात?" मालतीबाईंनी दाखवलं. केराबाई बोटाने फोटो मोठा करत गेल्या. आधी आभाळ बाहेर गेलं, मग पंख, मग शेपूट, आणि शेवटी पडदाभर नुसती ती बाई उरली.

"आता बसा," त्या चपला घालणाऱ्यांना म्हणाल्या. "दर्शन घ्या नीट."